शिरा दिसतात म्हणजे वाट लागली का?

"सर, खालच्या शिरा दिसायला लागल्यात, हस्तमैथुनामुळेच ना?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मुलगा खुर्चीत बसून नुसता चुळबुळ करायला लागला तरी कळतं.

असाच एक, वय 22, जिमवाला. लिंगावरच्या हिरव्या-निळ्या शिरा बघून बघून झोप उडालेली, त्यात डावा वृषण उजव्यापेक्षा खाली, म्हणजे नस ढिली झाली असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. लग्नच करायचं नाही म्हणे! दोन सेशन मी नुसतं ऐकलं, कारण घाबरलेल्याला माहिती दिली की तो त्यातूनही घाबरायला काहीतरी शोधतो. तिसऱ्या वेळी हाफ टी-शर्टात आला, म्हटलं, "हाताच्या शिरा कसल्या टरारल्यात रे!"

स्वारी खूश. "वर्षभर घाम गाळलाय सर."

"मग हातावर दिसल्या की ताकद, आणि तिथे दिसल्या की कमजोरी?"

गप्पच झाला. मग हसला, हसता हसता डोळे भरले, म्हणाला, "हे कमजोरीचं मीच लावून घेतलं की." इतक्या वर्षांत मी हेच बघत आलोय, शीर बिचारी गप्प असते, तिच्याबद्दल मनात चालणारं वाक्य छळतं. ते ज्याचं त्याला सापडलं की मला आजही लय भारी वाटतं.

मग कागदावर चित्र काढलं. तिथली कातडी पातळ, खाली चरबी जवळपास नाहीच, शिरा दिसणारच, ताठरता आली की जास्त. डावा वृषण थोडा खाली असणं बहुतेकांत नॉर्मल. वृषणाच्या वर शिरांचं जाळं असतं, ते आत येणारं रक्त थंड करतं, कारण शुक्रजंतू बनायला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. तिथून उजवी शीर पोटातल्या मोठ्या शिरेला थेट मिळते, डावी जास्त लांब, किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून रक्त साचलं तर बहुतेक डावीकडेच. हेच व्हेरिकोसील, 100 पैकी साधारण 15 पुरुषांत असतं, हस्तमैथुनाने होत नाही आणि बऱ्याच जणांना त्याचा काही त्रासही नसतो.

पण पिशवीत गांडुळांसारखा गुंता लागला, जडपणा असला, वृषण लहान वाटला किंवा वर्षभर प्रयत्न करून मूल होत नसेल तर यूरोलॉजिस्टला दाखवा. नुसता उजवीकडेच फुगवटा, किंवा आडवं झाल्यावरही न उतरणारा, तर लवकर जा, आणि अचानक जोरात दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

यालाही पाठवलंच. सोनोग्राफीत डावीकडे किरकोळ व्हेरिकोसील निघालं. फोनवर म्हणाला, "थोडं आहे म्हणे सर," आणि पुढच्याच दमात, "पण स्क्वॉट्स चालतील ना?"

ते तुझ्या डॉक्टरांना विचार, म्हटलं.