वजनाचे ऑपरेशन: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न: वय 42, उंची 160 सेंमी, वजन 118 किलो. दहा वर्षे मधुमेह आहे, आता इन्सुलिनही सुरू झाले. ऑपरेशनचा विषय काढला की घरचे म्हणतात, "आधी जिभेला आवर घाल." (एक वाचक, सातारा)

ताई, तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, 46 आहे. एवढ्या वजनाचे खापर जिभेवर फोडणे हा अन्याय आहे. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेते, म्हणून डाएटने उतरलेले किलो बहुतेकांना परत चिकटतात. स्लीव्ह या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, आणि साखर बरेचदा वजन उतरायच्या आधीच खाली येऊ लागते.

तरीही "मधुमेह कायमचा बरा" ही जाहिरात मला पटत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 150 मधुमेहींचा अभ्यास केला. पाच वर्षांनी एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 6 टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण नुसत्या औषधांच्या गटात 5 टक्के, स्लीव्हनंतर 23 आणि बायपासनंतर 29 टक्के होते. फरक मोठा आहे, पण ते उद्दिष्ट न गाठलेलेच जास्त होते. तुमचा मधुमेह जुना, म्हणून इन्सुलिन पूर्ण सुटेलच असे नाही. डोस बराच उतरण्याची आशा मात्र नक्की धरा.

प्रश्न: वय 24, उंची 160, वजन 66. स्थळे बघताहेत. आई म्हणते, लग्नाआधी ऑपरेशन करून घे.

नको. तुम्हाला या ऑपरेशनची गरज नाही, आणि स्थळासाठी चांगले जठर कापायचे नसते. हे उत्तर आईंना वाचायला द्या.

प्रश्न: मेडिक्लेम मिळतो का?

विमा नियामकाच्या नियमांनुसार वय किमान 18 आणि बीएमआय किमान 40 हवा. हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल तर 35. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी तपासा आणि मंजुरी आधी लेखी घ्या.

प्रश्न: आईचे ऑपरेशन ठरले आहे. जिवाला धोका किती? (एक मुलगा, नाशिक)

अनुभवी केंद्रात पहिल्या 30 दिवसांत हजारात साधारण एक ते तीन मृत्यू होतात. आकडा छोटा असला तरी तुमची आई एकच आहे, म्हणून लक्षणे पाठ करा. जठर जिथे स्टेपलने शिवतात त्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायातली गुठळी फुफ्फुसात जाणे, ही तीन मोठी संकटे. घरी आल्यावर नाडी 120 च्या वर, ताप, धाप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढते दुखणे, यातले काहीही दिसले तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

रोज उलट्या होत असतील तर तेही घरी सोसण्यासारखे नाही. बी1 जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते. ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते, आणि त्यासाठी गावच्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती असायला हवी. डिस्चार्ज कार्ड आईच्या पर्समध्येच राहू द्या. आईंना छातीत जळजळ जुनी असेल तर सर्जनना आत्ताच सांगा. स्लीव्हनंतर ती वाढू शकते, अशा वेळी बायपास बरा.

प्रश्न: बायपासला पाच महिने झाले, केस मूठमूठ गळताहेत. नवरात्राचे उपास करू का?

वजन झपाट्याने उतरले की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. पण दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, आणि साबुदाण्यात ती नसल्यातच जमा. यंदा उपास नकोच. ताटात आधी अंडे, पनीर, मुगाचे धिरडे किंवा दही, भात-भाकरी शेवटी. बी12, लोह, कॅल्शियम आणि डी जन्मभर, रक्ततपासणी दरवर्षी. गरोदरपण 12 ते 18 महिने लांबवा. वजन उतरल्यावर दिवस लवकर राहतात आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. आणि गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. जठर आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. तंबाखू-सिगारेटनेही होतो.