नोकरीत राहून पदवी : अर्ज टेबलावर अडकतो तेव्हा

ताई, तुम्ही लिहिलंय की बारावीवर पोलीस शिपाई म्हणून भरती झालात, वय 26, पदवीच्या परवानगीचा अर्ज चार महिन्यांपासून वरच्या कार्यालयात पडून आहे आणि प्रवेशाची मुदत संपत आली. त्यात सहकारी म्हणतायत, "गपचूप करून टाक, कोण विचारतंय." वाचून माझी जुनी ठसठस वर आली, म्हणून लांबलचक लिहितोय. मी तुमच्यासारखाच पोलीस; वकील नाही, आस्थापनेतलाही (कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक कागद बघणाऱ्या शाखेतलाही) नाही. नियम बदलतात, प्रत्येक पोलीस घटकागणिक (जिल्हा, आयुक्तालय) पद्धतही बदलते, तेव्हा ताजं परिपत्रक स्वतः बघून घ्या.

आधी तुमचा दुसरा प्रश्न उरकतो: पोलीस प्रशासनाची पदवी की साधी बीए? माझ्या मते साधी बीए. उपनिरीक्षकाच्या परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते, पदवीच्या नावात 'पोलीस' असल्याचा वेगळा गुण मिळत नाही. गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. 2009 मध्ये गुजरात सरकारने रक्षा शक्ती विद्यापीठ म्हणून सुरू केलं, 2020 मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. नुकत्याच बारावी झालेल्या पोराने जरूर विचार करावा. पण तिथे पूर्णवेळ राहून शिकायचं, तुम्ही नाईट राउंड सोडून जाणार कशा? 'लॉ एन्फोर्समेंट'चं चकचकीत सर्टिफिकेट विकणाऱ्या खासगी क्लासांच्या नादी तर मुळीच लागू नका. दूरशिक्षणाने एलएलबी करायचा सल्लाही कुणीतरी देईल. बार कौन्सिल ती मानत नाही.

आता मूळ दुखणं. माझा अर्ज ठाण्यातून योग्य मार्गाने वर गेला. तिथल्या टेबलावरून तो काही दिवसांनी परत आला, शेरा : "अभ्यासक्रमाचा तपशील नाही." तपशील जोडला. पुन्हा परत : "विद्यापीठ मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा जोडावा." विद्यापीठ कुठलं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ! राज्याच्याच विधिमंडळाने 1989 मध्ये कायदा करून उभं केलेलं, आणि राज्याच्याच कार्यालयाला त्याचा पुरावा हवा. तोही दिला. मग म्हणाले, अभ्यासकेंद्राचं प्रवेशाचं पत्र आणा. केंद्र म्हणालं, प्रवेश घ्या मग पत्र देतो. कार्यालय म्हणालं, परवानगीशिवाय प्रवेश घ्याल तर कसुरी काढू, म्हणजे चूक केल्याचा अहवाल पाठवू. या चक्रात प्रवेश बंद झाले आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी चौकशीला गेलो तर मूळ अर्जाची बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) नोंदच नाही. म्हणजे कागदोपत्री मी अर्ज केलेलाच नव्हता! टेबलावरच्या साहेबांना त्याचं काही नव्हतं, चहा पीत म्हणाले, "नवीन अर्ज द्या की."

त्या वर्षाची किंमत वयात मोजावी लागते. थेट भरतीच्या उपनिरीक्षकाच्या जाहिरातीत खुल्या गटाला 31 आणि मागासवर्गीयांना 34 अशी अट असते. पदवी हातात आली तेव्हा माझ्याकडे एकच जाहिरात उरली होती. तीही निघाली उशिरा. आज मी सेवाज्येष्ठतेने वर आलोय, तक्रार नाही. म्हणजे आहे, पण असो.

म्हणून सांगतो, उद्याच ठाण्यात जाऊन तुमच्या अर्जाचा जावक क्रमांक आणि तारीख घ्या. मग वरच्या बारनिशीत तो क्रमांक दाखवून आवक क्रमांक मागा. नोंद नसेल तर भांडू नका. त्याच जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन, जुन्या अर्जाची प्रत जोडून स्मरणपत्र द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. त्रुटी काढायला जागाच ठेवू नका : माहितीपुस्तिकेतलं अभ्यासक्रमाचं पान, संपर्क सत्रांचं वेळापत्रक, 'शासकीय कामात अडथळा येणार नाही' असं हमीपत्र, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमावलीतलं ते पान, ज्यात मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली आहे. प्रवेशाच्या पत्राचा घोळ टाळायला अर्जातच "प्रवेश मिळण्याच्या अधीन राहून परवानगी मिळावी" असं वाक्य घाला. हे वाक्य मला एका निवृत्त हेडक्लार्कने सुचवलं, आणि तेव्हाच काम झालं.

तरी हललं नाही तर ओआरला (ऑर्डरली रूम, म्हणजे साहेबांसमोर अडचण मांडायची ठरलेली वेळ) पेश होऊन थेट साहेबांना सांगा. बहुतेक वेळा साहेबांना फाईल अडकल्याचं माहीतच नसतं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, खरं आहे. पण आपल्याच कार्यालयात तो टाकला की पुढच्या बदलीपर्यंत टेबल लक्षात ठेवतं. माझं मत : तो शेवटी. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

गपचूप मात्र करू नका. माझ्या ओळखीच्या एकाने केली, चांगल्या गुणांनी पास झाला, आणि सेवापुस्तकात नोंद घ्यायला गेला तेव्हा खुलासा मागितला गेला. नोंदीविना कागदपत्र पडताळणीत काय उत्तर देणार?

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका. निवडणूक किंवा गणपतीचा बंदोबस्त आडवा आला तर कुणी ऐकणार नाही, पण आधी दिलेला अर्ज असला तर निदान दुसऱ्या ठिकाणी ड्युटी बदलून मिळते. आणि हो, आधार, बारावीची गुणपत्रिका आणि सेवापुस्तक यांत नाव एकसारखं आहे का बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या दोन भगिनी याच कारणाने प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर अडकल्या होत्या.

परीक्षेसाठी कुणी कायद्याच्या जुन्या नोट्स दिल्या तर घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून सगळं फिरलंय : एफआयआर जुन्या कलम 154 ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेचं 173, खून 302 ऐवजी न्याय संहितेचं 103. ठाण्यात रोज हात फिरतो म्हणून तुम्हाला हे पाठ असेल, पण बाजारात जुनीच पुस्तकं नवं कव्हर लावून विकतात. माझ्या अर्जाची जुनी प्रत हवी असेल तर कळवा, माझं नाव-बक्कल नंबर खोडून पाठवतो.