एलियस गेम पहिल्यांदा खेळताय? घाई करू नका

अरे भावा, तू लिहिलंस की पहिल्याच कसिनोच्या लेव्हलला गार्ड धरतात आणि कंटाळा आला, तर थांब, गेम सोडू नकोस. २००४ ची गेम आहे, अक्लेम कंपनीची, पीएस टू, एक्सबॉक्स आणि पीसीवर आलेली, तेव्हा आजच्यासारखं सगळं हातात आणून देणार नाही हे आधी मनाशी धर. एलियस या हेरगिरीच्या टीव्ही मालिकेवरची गेम आहे, तिची नायिका, गुप्तहेर सिडनी ब्रिस्टो, हिचा आवाज मालिकेतल्याच जेनिफर गार्नरचा आहे, मालिका बघितली असशील तर मजा दुप्पट.

आता मुद्द्याचं. गार्ड दिसला की नवीन खेळणारा धावत जाऊन मारामारी सुरू करतो, तिथेच सगळं बोंबलतं, कारण आवाज ऐकून दुसरे येतात आणि मग तू भिंतीला पाठ लावून नुसता मार खात बसतोस. वाकून चाल, त्याची फेरी दोनदा बघ, पाठ फिरली की मागून जाऊन गपगार कर. कुलूप उघडताना किंवा कॉम्प्युटर हॅक करताना स्क्रीनचे तुकडे होतात बघ, एका तुकड्यात येणारा गार्ड दिसतो, माझी नजर पहिले काही दिवस फक्त कुलपावरच असायची आणि दरवेळी पकडलो जायचो. डोळा त्या दुसऱ्या चौकटीवर ठेव, जवळ आला की काम अर्धवट सोडून सरळ लप.

मारामारी करावीच लागली तर एकेकाला कोपऱ्यात घे, मधोमध उभा राहू नकोस. आणि पहिली लेव्हल परत खेळ, खरंच, तिथेच हात बसतो.