फुगलेली बॅटरी आणि ११ जानेवारीचं जॉबशीट

लातूरच्या एका ताईंचा मेल आलाय. २०२३ च्या गुढीपाडव्याला, २२ मार्चला, पुण्यातून फोन घेतला, दहा महिन्यांत बॅटरी फुगली, मागची काच उचलली गेली, फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा गोल फिरायला लागला. ११ जानेवारी २०२४ ला सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर, म्हणजे फोन तपासल्याच्या नोंदीच्या कागदावर, ‘बॅटरी फुगलेली, बॅक ग्लास उचललेली, फिजिकल डॅमेज, आउट ऑफ वॉरंटी’ असं लिहून फोन परत दिला. आठवड्याने ताईंनी गल्लीतल्या दुकानात १,४०० रुपये देऊन बॅटरी बदलून घेतली. आणि आता कंपनी म्हणते, फोन बाहेर उघडलात, वॉरंटी रद्द. ताई विचारतात, केस होईल का, आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल असेच फोन बनवा असा आदेश ग्राहक आयोगाकडून मागता येईल का.

वॉरंटी म्हणजे काय, तुम्ही ग्राहक आहात का, यात मी जात नाही, ते सरळ आहे. तुमची अख्खी केस त्या जॉबशीटवरच्या तारखेवर उभी आहे, ताई. कंपनीने वॉरंटी नाकारली ११ जानेवारीला, फोन बाहेर उघडला त्यानंतर आठवड्याने. जे नंतर घडलं ते आधीच्या नकाराचं कारण कसं होईल? ‘बाहेर उघडलं की वॉरंटी संपली’ हे कलम त्या दिवशी लागूच नव्हतं, तेव्हा फोनचं सील शाबूत होतं. तक्रारीत हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

पण तीच तारीख तुमच्यावर उलटू पण शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही लिहिलंय, ‘कंपनीशी पत्रव्यवहार चालू असल्यामुळे मुदत चालूच आहे असं समजले’. कुणी सांगितलं हे? ईमेलने मुदत वाढत नाही, स्मरणपत्राने वाढत नाही, १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली म्हणूनही वाढत नाही. तेवीस महिने तुम्ही ‘सर, कृपया लक्ष घालावे’ लिहीत बसलात आणि तिकडून ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ येत राहिलं, ह्यात नुकसान फक्त तुमचं झालंय. मला खरंच राग येतो, कारण दर वेळी चांगली केस घेऊन लोक अशाच शेवटच्या महिन्यात येतात.

आता डिसेंबर २०२५ उजाडलाय. मुदत १० जानेवारीला संपते का ११ ला ह्या हिशोबात पडू नका, १० ला दुसरा शनिवार आहे, ११ ला रविवार. शुक्रवार ९ जानेवारी हाच शेवटचा दिवस धरा आणि खरं तर नाताळच्या आत दाखल करा. उशीर माफीचा अर्ज कायद्यात आहे, पण ‘ईमेल करत होते’ हे पुरेसं कारण मानतील का, मी खात्री देणार नाही.

तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात करा. वॉरंटी कार्डवर दुसऱ्या शहराचं कोर्ट छापलेलं असेल तर घाबरू नका, तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं, वकील लागतोच असं नाही. दुकानदार, सर्व्हिस सेंटर, कंपनी, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. प्रॉडक्ट लायबिलिटीच्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या इजेच्या भरपाईच्या, नादी लागू नका, त्यात फोनचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, इतर मालमत्तेला किंवा माणसाला इजा लागते. सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी एवढंच मांडा. नोटीस मिळाल्यापासून कंपनीला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे आयोगालाही सूट देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय, तेव्हा ती तारीख तुम्हीच मोजत राहा. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, मनाची तयारी ठेवा.

जुनी बॅटरी दुकानदाराने ठेवून घेतली, हे वाचून मात्र डोक्याला हात लावला. दोष तपासायचा तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. पाठवणार काय आता? जॉबशीटवर ‘बॅटरी फुगलेली’ हे त्यांच्याच हाताने लिहिलंय म्हणून वाचलात. त्या दुकानदाराकडून तारखेसकट बिल घ्या, जमलं तर शपथपत्र. पूर्ण पैसे परत मिळतील का सांगता येत नाही, फोन तुम्ही अजून वापरताय. दुरुस्तीचा खर्च, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा.

आता दुसरा प्रश्न, ग्राहकाला काढता येणाऱ्या बॅटरीचा. तो आदेश ह्या तक्रारीत मागू नका. आज भारतात तशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि एका फोनच्या केसमध्ये ती मागणी घातली तर कंपनीचे वकील वर्षभर त्यावरच बोलतील. पण तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. २००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या तापण्याचा घोळ झाला, तब्बल ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची तयारी कंपनीने दाखवली. लोकांनी नखाने झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर बघितला, फोन आपल्याकडेच राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटल्या तेव्हा बॅटरी आत बंद होती, अख्खे फोन परत द्यावे लागले. मला वकील म्हणून टोचतं ते हे, की बॅटरी सीलबंद असली की पुरावाही सीलबंद. ग्राहकाने उघडलं तर वॉरंटी जाते, नाही उघडलं तर आत काय झालं ते फक्त कंपनीला माहीत. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यायला हव्यात. फोनला त्यात काही सवलती आहेत, पण निदान नियम आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल आलं, त्यावर माहिती मिळते, हक्क मिळत नाही. कायदा हवाच, आणि तो मागायची जागा ग्राहक मंत्रालय आणि तुमचे खासदार. तिकडे वेगळं पत्र लिहा, मी मसुदा करून देते.

आज संध्याकाळी मात्र एकच काम करा. खरेदीचं बिल थर्मल कागदावर असणार, पावणेतीन वर्षांत निम्मं उडालं असेल. त्याचा आणि जॉबशीटचा दोन्ही बाजूंनी स्कॅन काढा, आणि मूळ जॉबशीट कुणालाही देऊ नका, सर्व्हिस सेंटरने ‘जरा बघू’ म्हणून मागितलं तरी नाही.