शिकागोचं उदाहरण देताना शेजारच्या इंडियानाकडेही बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. शिकागोत बंदुकांचे कायदे एवढे कडक असूनही गोळीबार थांबत नाहीत, मग आणखी कायदे करून काय साधणार? आणि तुमची बहीण मुलांना घेऊन शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला येतेय, तिनं काय काळजी घ्यावी? शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये मी बरीच वर्षं राहतो आणि बंदुकांवर नियंत्रण हवं याच मताचा आहे, हे आधीच सांगतो.

इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायची तर राज्य पोलिसांकडून 'फॉइड कार्ड' काढावं लागतं. हा नियम 1968 पासूनचा. विकत घेतल्यावरही 72 तास थांबल्याशिवाय ती हातात मिळत नाही. शिकागोच्या आग्नेय टोकाला रस्ता ओलांडला की इंडियाना राज्य लागतं. तिथे असं कार्ड नाही, थांबणं नाही. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावीच लागते, पण खासगी माणसानं आपली बंदूक विकली तर त्याच्यावर ते बंधन नाही. मग तिथला एखादा, ज्याच्या नावावर गुन्हा नाही, तो पिस्तुलं घेतो आणि इकडे पोचवतो. शिकागो शहराच्या 2017 च्या अहवालानुसार पोलिसांनी जप्त केलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त परराज्यातून आलेल्या होत्या, आणि त्यात पहिला नंबर इंडियानाचा.

जळगाव-चोपड्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या उमर्टीहून गावठी कट्टे इकडे येतात, म्हणून महाराष्ट्रातला शस्त्र कायदाच रद्द करा असं कोणी म्हणत नाही. सीमेवरची गळती बंद करा असंच म्हणतात.

'गुन्हेगार कुठे कायदा पाळतात?' हा मुद्दाही तुम्ही मांडलाय. पण अमेरिकेत गुन्हेगाराच्या हातातली बंदूक बहुतेक वेळा कारखान्यातून निघून आधी कायदेशीर दुकानात विकली गेलेली असते. ती पुढे सरकते ती विकणाऱ्यामुळे आणि दुसऱ्यासाठी आपल्या नावावर खरेदी करणाऱ्यामुळे. कायद्यानं बांधायचंय ते या लोकांना. अशी दुसऱ्यासाठी केलेली खरेदी हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा ठरला तो थेट 2022 मध्ये, टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्यानंतर.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ते. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीनं सुमारे 46,700 माणसं गेली. त्यातल्या सुमारे 27,300 आत्महत्या होत्या. खून 18 हजारांच्या आसपास. टीव्हीवर चर्चा चालते ती रायफलींची आणि सामूहिक हत्याकांडांची, पण खुनांमध्येही पिस्तूलच पुढे असतं. आत्महत्येचा विचार अनेकदा काही तासांत ओसरतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेली माणसं बरीचशी वाचतात, बंदूक वापरलेली दहातली जेमतेम एखादी. म्हणून ते 72 तास मला फार मोलाचे वाटतात. घरात बंदूक कुलुपात ठेवायला लावणाऱ्या कायद्यांमुळे मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, याला संशोधनाचा चांगला आधार आहे. खरेदीआधी परवाना हवा, या नियमालाही काही अभ्यासांचा आधार आहे. कनेक्टिकटनं तो 1995 मध्ये आणला, तिथे बंदुकीचे खून कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. मिझुरीनं 2007 मध्ये तो काढून टाकला, तिथे ते वाढले.

पण कागदावरचा कायदा पुरत नाही, हे आम्ही इथे भोगलंय. 4 जुलै 2022 ला शिकागोजवळच्या हायलँड पार्क गावात स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, सात जण गेले. 2019 मध्ये गोळीबार करणाऱ्या त्या मुलानं घरच्यांना मारून टाकायची धमकी दिल्याची तक्रार झाली होती, पोलिसांनी त्याचे सोळा सुरे जप्त केले होते. धोकादायक माणसाकडून कोर्टाच्या आदेशानं बंदूक काढून घ्यायचा कायदा तेव्हा राज्यात होता. तो कोणी वापरलाच नाही. उलट काही महिन्यांत वडिलांनी सही केली आणि त्याला फॉइड कार्ड मिळालं. वडिलांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. चुकलं ते अंमलबजावणीत, आणि तिथे पैसा आणि माणसं लावावीच लागतील.

विरोधकांचं सगळंच चूक नाही. दक्षिण इलिनॉयच्या शेतावर राहणाऱ्याकडे पोलीस पोचायला वेळ लागतो, त्याला घरात बंदूक हवी असेल तर मला ते समजतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या हेलर निकालानंतर घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरलाय, त्यामुळे सरसकट जप्तीची भाषा निरर्थक आहे. पण त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही म्हटलंय. 2024 च्या रहिमी खटल्यात, घरच्यांना धोका असल्याचं कोर्टानं नोंदवलेल्या माणसाकडे बंदूक नको, हे सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केलं.

बहिणीला सांगा, मुलं कोणाकडे खेळायला किंवा रात्री राहायला जाणार असतील तर आधी फोन करून विचारायचं: 'तुमच्याकडे बंदूक आहे का? कुलुपात असते का? गोळ्या वेगळ्या ठेवता का?' आपल्या लोकांना हे विचारणं अवघड वाटतं, समोरच्याला काय वाटेल म्हणून. इथले बालरोगतज्ज्ञसुद्धा हे विचारायला सांगतात, त्यामुळे कोणी फारसं वाईट वाटून घेत नाही. मराठी घर असलं तरी विचारायचं. उत्तर पटलं नाही तर त्या मुलांना आपल्याकडे खेळायला बोलवायचं. आणि मुलगा-मुलगी वयात येताना गप्प गप्प राहायला लागली तर 988 हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर घरात सगळ्यांना माहीत हवा. फोन करा किंवा मेसेज, चोवीस तास कोणीतरी बोलायला असतं.