ऊन खाणारा सरडा

प्रश्न : सरडे तासन्‌तास ऊन खात बसतात ते अंग तापवण्यासाठी, असे आम्ही शाळेत शिकलो. त्यांनाही उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते, असे अलीकडे वाचनात आले. मग ज्या सरड्याला ते खाण्यातूनच भरपूर मिळते, तो उन्हात कमी बसतो का?

उत्तर : निदान एका जातीच्या बाबतीत याचे उत्तर ‘होय’ असे मिळाले आहे. मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन या सरड्यावर टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातील संशोधकांनी केलेले काम २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होते, ते सरडे अतिनील किरण अधिक काळ अंगावर घेत. ज्यांना ते आहारातून पुरेसे मिळे, ते लवकर सावली धरत. म्हणजे ऊन ‘खाणे’ हा आपला वाक्प्रचार येथे जवळजवळ शब्दशः खरा ठरतो.

सरड्याच्या त्वचेत कोलेस्टेरॉलशी नाते सांगणारा एक पदार्थ असतो. त्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले, की ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप बनते आणि अंगातील उष्णतेने त्याचे हळूहळू ड३ मध्ये रूपांतर होते. त्यामुळे प्रकाश आणि ऊब या दोहोंची गरज असते, आणि ऊन खाण्याची ही दोन कारणे वेगळी काढणे अवघड जाते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडे या ड३ला कामाचे रूप देतात, तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाते.

उन्हाची वाट एका अर्थाने अधिक सुरक्षित म्हणावी लागेल. त्वचेतील पूर्वरूप गरजेपेक्षा जास्त झाले, तर तेच किरण त्याचे निष्क्रिय पदार्थ करून टाकतात. आहारातून आलेल्या ड जीवनसत्त्वाला असा अडसर नसतो आणि त्याचा अतिरेक झाल्यास मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू शकते. तरीही पोट भरलेला सरडा उन्हात विनाकारण थांबत नाही, हे शहाणपणाचेच आहे. कारण अतिनील किरण त्वचेला व डोळ्यांना इजा करतात आणि उघड्यावर बसलेला सरडा शिकारी पक्ष्याच्या नजरेत लगेच भरतो.

रात्री हिंडणाऱ्या पालींचे काय, असे कोणी विचारील. भूमध्य प्रदेशातील घरपालीची तुलना दिवसा वावरणाऱ्या एका काटेरी सरड्याशी केली असता, तेवढ्याच प्रकाशात पालीची त्वचा ड जीवनसत्त्व अधिक तत्परतेने बनवते, असे आढळले. फटीच्या तोंडाशी मिळणारा थोडासा उजेडही तिच्या उपयोगी पडत असावा.

पाळलेल्या सरड्याला मात्र ही निवड आपण देऊ तेवढीच मिळते. बंद खिडकीच्या काचेआड तो मजेत ऊन खाताना दिसतो, अंगही तापते. पण साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. आहारातूनही ड जीवनसत्त्व मिळत नसेल, तर काही महिन्यांत त्याचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात आणि फांदीवरची पकड थरथरू लागते.