जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडू नका

"काकू, हिला पाणी देऊ की नको?" समोर बसलेल्या आईनं विचारलं. माहेर इंदूरच्या रामबागेतलं, सासर सांवेरकडच्या एका गावात. सव्वा वर्षाच्या लेकीला सारखे जुलाब. सासूबाई म्हणत, "दात येताहेत, होणारच." हिला मात्र हातपंपाचा संशय, कारण ओट्याला लागूनच गटार तुंबलेलं. संशय रास्तच होता. पण धास्तीनं ती जुलाब लागले की लेकीचं पाणीच तोडायची.

लेकरू मांडीवरून बाटलीकडे झेपावत होतं, ही बाटली मागे सारत होती. ओठ पार सुकलेले. मी आधी ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं साखर-क्षारांचं पाणी, कालवून चमच्याचमच्यानं पाजायला लावलं, बोलणं नंतर.

जुलाबात जीवावर बेततं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसची एक लिटरची अख्खी पुडी घालायची. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्यायचं, उरलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं. अंगावरचं दूध, जेवण चालूच ठेवायचं. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरं करायचं. डोळे खोल गेले, शीतून रक्त आलं, बाळ मलूल होऊन पिईनासं झालं, तर तडक दवाखाना.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. घरातल्या मोठ्यांना दोषी ठरवून काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांना म्हटलं, दात येतात त्याच वयात मूल रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, घाण पोटात जाते ती तिथून आणि पाण्यातून. त्यांना ते पटलं. माठात पेला बुडवणं बंद करून लांब दांड्याचं ओगराळं त्यांनीच काढलं.

पाणी खळखळून उकळलं की मिनिटभर तसंच ठेवायचं, जंतू मरतात. फ्लोराइड हा पाण्यात विरघळलेला क्षार मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. धार-झाबुआकडच्या बोअरच्या पाण्यात तो दोष आढळतो. म्हणून तपासणी हवीच. जलजीवन मिशन या घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या सरकारी योजनेत गावातल्याच पाच बायकांना तपासणीचं किट वापरायला शिकवतात, ते आपल्या गावात कुणाकडे आहे हे पंचायतीत विचारायला सांगितलं. सासूसुना दोघी मिळून गेल्या.

गटार हटवण्याचा अर्जही दिलाय. काम होईपर्यंत घरात पाणी उकळणं चालू आहे, आणि लेक मागेल तेवढं पाणी तिला मिळतंय.